कल्याण ते निर्मल : टप्प्याटप्प्याने जगलेला रस्ता

कल्याणहून निघून मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), पाथर्डी, गढी, माजलगाव, पाथरी, परभणी, वसमत, नांदेड, भोकर आणि भैंसा असा प्रवास करत एक रस्ता तेलंगणातल्या निर्मलला पोचतो. तिथे तो नागपूर-हैदराबाद रस्त्याला मिळतो. लांबी ६०० किलोमीटरच्या आसपास. राष्ट्रीय महामार्गांच्या यादीत त्याचा क्रमांक आधी २२२ होता, २०१०च्या फेररचनेत तो ६१ झाला. मुंबई-पुणे किंवा मुंबई-आग्रा रस्त्याला जे वलय आहे ते याला कधीच लाभले नाही. शाळेच्या भूगोलात याचे नाव येत नाही, आणि महाराष्ट्राच्या रस्त्यांचा इतिहास लिहिणारेही नाणेघाटापाशी थोडे थांबून पुढे निघून जातात. तरीही हा रस्ता नीट अभ्यासावा असे मला वाटते, कारण रस्त्यांविषयीचा आपला एक पक्का समज तो खोडून काढतो. रस्ता म्हणजे दोन टोकांना जोडणारी रेघ आणि तिची किंमत त्या दोन टोकांच्या मोठेपणावर ठरते, असा तो समज. कल्याण-निर्मल रस्त्याचा दोन हजार वर्षांचा पुरावा वेगळे सांगतो. हा रस्ता अखंड असा फार क्वचित वापरला गेला. तो तुकड्यातुकड्यांनी जन्मला, तुकड्यातुकड्यांनी टिकला आणि आजही त्याचा जीव चाळीस-पन्नास किंवा फार तर शंभर-दीडशे किलोमीटरच्या टप्प्यांत आहे.

याचा सर्वांत साधा पुरावा गावांच्या तोंडी सापडतो. कल्याण शहरात या रस्त्याला मुरबाड रोड म्हणतात. अहमदनगर शहरात त्याच रस्त्याच्या काठची वस्ती कल्याण रोड म्हणून ओळखली जाते. परभणीत त्याची एक बाजू पाथरी रोड आणि दुसरी वसमत रोड. निर्मल हे नाव फलकावर आणि सरकारी कागदात दिसते, पण ओतूरच्या शेतकऱ्याला निर्मल कुठे आहे हे माहीत असण्याचे कारण नाही, आणि भैंशाच्या कापूस व्यापाऱ्याला माळशेजशी घेणेदेणे नाही. मुंबईहून हैदराबादला माल न्यायचा तर ट्रक सहसा पुणे-सोलापूरमार्गे जातो. कल्याणहून निर्मलला जाण्यासाठीच निघालेला माणूस या रस्त्यावर शोधावा लागेल. मात्र पाथर्डीहून नगरच्या दवाखान्यात, भोकरहून नांदेडच्या कॉलेजात, टोकावड्याहून मुरबाडच्या कचेरीत जाणारी माणसे रोज एसटीच्या थांब्यावर उभी असतात. ही वाहतूक कोणी नियोजन करून निर्माण केलेली नाही, आणि ती थांबली तर रस्त्याचे मोठे नाव त्याला वाचवू शकणार नाही.

यावर पहिला आक्षेप इतिहासाच्या बाजूने येतो, आणि तो वजनदार आहे. सातवाहनांच्या काळात पैठण, जुन्नर, नाणेघाट आणि कल्याण हा एक सलग व्यापारी मार्गच होता ना? राजधानी एका टोकाला, बंदर दुसऱ्या टोकाला. आजच्या महामार्गावरच्या वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची वाट चढते आणि वर जुन्नर तालुक्यातल्या घाटघरला निघते. माथ्याजवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापणे यांची यादी आहे. दानांच्या आकड्यांमुळे तो लेख भारतीय अंकलेखनाच्या जुन्यांत जुन्या पुराव्यांपैकी एक मानला जातो. त्याच लेण्यात राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते, ते आता नाहीत, पण त्यांच्यावरची नावे भिंतीवर उरली आहेत. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे आणि त्यात जकात टाकली जाई असे परंपरा सांगते. राजघराण्याने आपली ओळख राजधानीत न कोरता एका घाटाच्या तोंडाशी कोरली, यावरून त्या वाटेचे मोल कळते. हे सगळे मान्य करूनही मी म्हणेन की नाणेघाट हा सलग रस्त्याचा पुरावा नाही, तो टप्पा बदलण्याच्या जागेचा पुरावा आहे. नाणेघाटात दगडी पायऱ्या आहेत. तिथून गाडी जात नाही, कधी गेलीही नसणार. देशावरून गाडीने आलेला माल घाटमाथ्याच्या आसपास उतरवून बैलांच्या, गाढवांच्या किंवा हमालांच्या पाठीवर चढवल्याशिवाय खाली कोकणात पोचूच शकत नव्हता. माल जिथे उतरतो आणि पुन्हा चढतो तिथे गोदाम लागते, चारापाणी लागते, मुक्काम लागतो, जामीन राहणारा माणूस लागतो. जुन्नर मोठे झाले ते यामुळे. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी मिळून तिथे दोनशेहून अधिक लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत, यवन दात्यांची नावे आहेत आणि कल्याणच्या सोनाराच्या घरातल्या माणसाने दिलेल्या पाण्याच्या टाक्याचीही नोंद आहे.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये यापुढची साक्ष मिळते. त्याच्या हिशेबाने पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर. पैठणचे अकीक आणि तगरचे जाडेभरडे व तलम कापड गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे. म्हणजे त्या काळात पैठणचा माल कल्याणला न उतरता कितीतरी दूरच्या भडोचला चालला होता. कारणही तोच लेखक सांगतो. कल्याण आधी रीतसर बाजारपेठ होती, पण नव्या सत्ताधीशाच्या ताब्यात गेल्यावर तिथल्या व्यापारात अडथळे आले आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहारा बसवून भडोचला नेली जात. रस्ता टोकांवर जगतो हे खरे असते तर कल्याण गुदमरल्यावर जुन्नर ओस पडायला हवे होते. तसे झाले नाही. क्षहरात राजा नहपानाचा अमात्य अयम याने ४६व्या वर्षी दिलेल्या दानाचा लेख मानमोडीच्या लेण्यात आहे, म्हणजे सत्ता बदलल्यावरही तिथे दाने दिली जात होती. जुन्नरला नाशिककडची वाट होती, पुण्याच्या बाजूची वाट होती, आजूबाजूच्या खोऱ्यांचे धान्य होते. एक तोंड बंद झाले तरी बाकीची तोंडे उघडी राहिली.

मध्ययुगात मात्र एक काळ असा येतो की या रेषेवरची ठिकाणे एकाच सत्तेच्या दोऱ्यात ओवली जातात, आणि माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठी अडचण इथे आहे. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद जुन्नरला होता. १४९०मध्ये त्याने बहमनी सत्ता झुगारली आणि पुढे पूर्वेला अहमदनगर वसवून राजधानी तिकडे नेली. म्हणजे निजामशाही याच रेषेवरून सरकत गेली. त्याचा बाप मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळातला अशी इतिहासकार फिरिश्ताने नोंदवलेली हकिकत आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशाहीशी पाथरीसाठी लढाया केल्या, त्यामागे या पूर्वजांच्या गावाची ओढ होती असे सांगितले जाते. जुन्नर, अहमदनगर, पाथरी ही तिन्ही नावे आजच्या महामार्गावर किंवा त्याच्या जवळपास आहेत. पुढे १६५७मध्ये शिवाजी महाराजांनी वसंतात जुन्नर लुटले, अहमदनगरच्या पेठेवर हल्ला केला आणि त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर कल्याण-भिवंडी ताब्यात घेतली. एकाच वर्षाच्या मोहिमांत या रेषेचा सगळा पश्चिम भाग येतो. तर मग इतिहासकाळात हा अखंड मार्ग होताच, असे कोणी म्हणेल. माझे उत्तर असे की सत्ता या जागांमागे धावली ती त्या आधीच भरलेल्या होत्या म्हणून. लुटायला पेठ लागते, आणि पेठ टप्प्यावर उभी राहते. निजामशाही १६३६मध्ये संपली, तरीही ना जुन्नरचा बाजार मोडला ना नगरचा.

या टप्प्यांना जोडणारी माणसे कोण होती हे दरबारी कागदांत फारसे येत नाही. लमाण आणि वंजारी यांचे बैलांचे तांडे मीठ आणि धान्य वाहत. कोकणातले मीठ वर, देशावरचे धान्य खाली. आज पाथर्डी-बीडच्या पट्ट्यात वंजारी समाजाची मोठी वस्ती आहे. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. तिथे गाढवांचा बाजार भरतो, आणि त्याला थेट गुजरातेतून व्यापारी येत आले आहेत. घाटाच्या खाली मुरबाड तालुक्यात म्हसाची जत्रा पौषात भरते, ती बैलांसाठी आणि घोंगड्यांसाठी नावाजलेली. मधे बेल्ह्याचा बैलबाजार. ओझ्याची जनावरे आणि थंडीची घोंगडी विकणारे हे बाजार एकाच रस्त्यावर असणे मला योगायोग वाटत नाही. वाहतुकीची साधने जिथे बदलत, थकत आणि नव्याने विकत घ्यावी लागत तिथेच ते उभे राहिले. आळे गावी ज्ञानेश्वरांनी वेद वदवलेल्या रेड्याची समाधी दाखवतात. पैठणहून नेवाशामार्गे आळंदीकडे परतताना तो रेडा तिथे गतप्राण झाला असे परंपरा मानते. ही इतिहासाची साक्ष म्हणून मी पुढे करत नाही, पण लोकांच्या स्मरणात आळे हे पैठणच्या वाटेवरचे मुक्कामाचे ठिकाण राहिले, एवढे तरी तिच्यातून निघते.

एकोणिसाव्या शतकाने हा रस्ता दोनदा मोडला. पहिला घाव लोहमार्गाचा. १८३०मध्ये बोरघाट गाड्यांसाठी खुला झाला तेव्हाच पुण्याकडचा ओघ तिकडे वळू लागला होता. १८५४मध्ये रेल्वे कल्याणला पोचली आणि तिथून तिला दोन फाटे फुटले. बोरघाटातून १८६३मध्ये आणि थळघाटातून १८६५मध्ये गाड्या वर चढू लागल्या. नाणेघाट आणि माळशेज बरोबर या दोन फाट्यांच्या मध्ये सापडले आणि दोघांच्याही वाट्याला रेल्वे आली नाही. कल्याणहून मुरबाडला रेल्वे न्यावी ही मागणी दीर्घकाळ पडून राहिली. दुसरा घाव सरहद्दीचा, आणि तो माझ्या मते अधिक खोल होता. पाथर्डीपर्यंतचा मुलूख मुंबई इलाख्यात, त्यापलीकडचा गेवराई, माजलगाव, परभणी, नांदेड हा सगळा निजामाच्या राज्यात. तिकडचे रस्ते, कचेऱ्या आणि शिक्षण हैदराबादकडे तोंड करून होते. शतक संपता संपता हैदराबाद-मनमाड रेल्वे आली आणि परभणी, नांदेड तिच्यावर आले, पण नगरकडे जाणारी वाट कच्चीच राहिली. सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा कागदावरची सरहद्द पुसली गेली. जमिनीवर ती पुसायला रस्ता लागतो. त्याच १९५६मध्ये पूर्वेकडे उलटे घडले. भैंसा ज्या मुधोळ तालुक्यात होते तो नांदेड जिल्ह्यातून काढून आदिलाबादला जोडला गेला, आणि जिथे रेषा नव्हती तिथे राज्यांची सीमा आली. तरीही भोकर-भैंसा हा टप्पा थांबला नाही. भैंशात मराठी बोलणारे लोक आजही आहेत, आणि नांदेडचे लोक मुलांना अक्षराभ्यासासाठी सीमेपलीकडच्या बासरच्या सरस्वतीला नेतात. सीमा आखल्याने टप्पा तुटला नाही, आणि सीमा पुसल्याने तो आपोआप जुळलाही नाही. म्हणूनच रस्त्याचा इतिहास राज्यांच्या इतिहासापेक्षा वेगळा लिहावा लागतो.

रस्त्याचे खरे बळ आणि खरी दुबळी जागा माळशेजमध्ये दिसते, म्हणून तिथे जरा थांबायला हवे. सह्याद्रीचा हा कडा बेसाल्टच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे. कठीण काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये जागोजागी तांबडा, मातकट, मऊ पट्टा असतो. पावसाळ्यात घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर शे-सव्वाशे किलोमीटर पुढे नगरला वर्षाला सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधानी असतात. माथ्यावर मुरलेले पाणी वरच्या पाषाणाच्या भेगांतून उतरते, मऊ पट्ट्यावर येऊन अडते आणि कड्याच्या तोंडातून झिरपते. तो पट्टा झिजला की त्याच्यावरचा कठीण खडक अधांतरी राहतो आणि एखाद्या रात्री सुटतो. रस्ता करताना कड्याचा पायथा कापलेला असतो, त्यामुळे सुटलेला धोंडा थेट डांबरावर येतो. लोखंडी जाळ्या मारल्या जातात, संरक्षक भिंती बांधल्या जातात, आणि त्यांचा उपयोगही होतो. पण दरडीचे मूळ पाण्यात आहे, म्हणून गटारे आणि मोऱ्या वेळेवर साफ झाल्या नाहीत तर जाळी फार काळ तग धरत नाही. ऑगस्ट २०१८मध्ये दरडींमुळे हा घाट काही दिवस वाहतुकीला बंद ठेवावा लागला. पर्यटकांना तेव्हा धबधबे बघता आले नाहीत, ते एक वेळ चालेल. पण घाट बंद म्हणजे ओतूर-आळेफाट्याचा भाजीपाला अडला.

हा भाजीपालाच आजच्या पश्चिम टप्प्याचा प्राण आहे. पुष्पावतीवर पिंपळगाव जोगे, कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, शिवाय वडज आणि डिंभे अशा कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी जुन्नर तालुक्याचे शिवार बदलले. ओतूर, आळे, नारायणगाव इथे टोमॅटोचे क्रेट आणि कांद्याच्या गोण्या भरल्या जातात, कोथिंबीर-मेथीच्या जुड्या संध्याकाळी बांधल्या जातात आणि रात्री पिकअप घाट उतरून पहाटेपर्यंत कल्याणच्या किंवा वाशीच्या बाजारात उभा राहतो. जुडीला दुसरा दिवस उजाडत नाही, तोवर ती कोमेजते. त्यामुळे माल कोणत्या बाजारात न्यायचा हे पाच-सहा तासांच्या हिशेबावर ठरते आणि तो हिशेब घाटावर अवलंबून असतो. सातवाहनकाळी घाटमाथ्यावर माल उतरवून पुन्हा लादावा लागे, आज गाडी न थांबता खाली जाते, पण टप्पा तोच राहिला आहे. पूर्वेकडचा टप्पा निराळा. करंजी घाट ओलांडून पाथर्डी, तिथून खरवंडी, गढी, माजलगाव या कोरडवाहू पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीची माणसे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, पोरे, शेळ्या, आणि वर ताडपत्री. पश्चिमेकडून पैसे येतात आणि पूर्वेकडून माणसे जातात, हे या रस्त्याचे कडू वास्तव आहे. दुष्काळाने या पट्ट्यातल्या रस्त्यांना मजूरही पुरवले. १९७२च्या दुष्काळात खडी फोडून आणि मुरूम टाकून जे रस्ते झाले त्यांतून राज्याची रोजगार हमी योजना आकाराला आली. अशा कामांवर राबलेल्या बायाबापड्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत.

आता एक आक्षेप उरतो, आणि तो आजचा आहे. टप्पेच महत्त्वाचे असतील तर एवढा लांब राष्ट्रीय महामार्ग घोषित करण्याची गरज काय? जिल्हा मार्ग, राज्य मार्ग पुरे होते. या आक्षेपाला माझे उत्तर होकार आणि नकार दोन्ही आहे. मोठ्या दर्जामुळे निधी येतो, रुंदी एकसारखी धरली जाते आणि जिल्ह्या-जिल्ह्यांच्या व राज्याच्या सीमेवर रस्ता अर्धवट सोडला जात नाही. ढालेगावला गोदावरीवर पूल लागतो, तो एकट्या जिल्ह्याच्या ऐपतीतला नसतो. म्हणून दर्जा हवाच. पण दर्जा देताना रस्ता एकसंध मानला की काम मोठमोठ्या पॅकेजांत विभागले जाते आणि मधला एखादा तुकडा, जसा तिसगाव-पाथर्डी-खरवंडीचा राहिला होता तसा, वर्षानुवर्षे उखडलेला पडून राहतो. यादीत पाचशे किलोमीटर पूर्ण झाल्याचे समाधान दिसते, आणि त्या तुकड्यावरचा दूधवाला रोज खड्ड्यांतून जातो.

समृद्धी महामार्गामुळे हा प्रश्न आणखी टोकदार झाला आहे. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता जून २०२५मध्ये भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला. मग कल्याण-निर्मलवर खर्च कशाला, असे विचारले जाते. समृद्धी टोकांसाठी बांधलेला रस्ता आहे, त्याला कुंपण आहे आणि मोजकीच तोंडे आहेत. तो मुंबई-नागपूर प्रवास वाचवील, ते त्याचे कामच आहे. पण ओतूरची जुडी त्याच्यावर चढवायची तर आधी उत्तरेला इतके जावे लागेल की वेळेचा फायदाच संपेल. माजलगावच्या बाईला गढीला उतरून बीडची गाडी पकडायची आहे, तिला समृद्धीचा काय उपयोग? लांब पल्ल्याचे काही ट्रक समृद्धीकडे वळले तर ते कल्याण-निर्मल रस्त्याच्या हिताचेच होईल. मग इथल्या निधीचा हिशेब टोकाच्या वाहनांवरून न करता टप्प्यांच्या गरजेवरून करता येईल. त्या गरजा अशा: माळशेजमध्ये पावसाळ्याआधी गटारे आणि मोऱ्या मोकळ्या करण्याचे कायमचे कंत्राट, आळेफाटा आणि गढी या चौफुल्यांवर माल चढ-उतारासाठी रस्त्याबाहेर जागा, ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरांसाठी रुंद आणि पक्क्या साइडपट्ट्या, आणि भोकर-भैंसा सीमेवर दोन्ही राज्यांच्या एसटींना एकच सामायिक वेळापत्रक.